जीवाणी आणि वेळासची कासवं



माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. वाड्याच्या परसात आड होता आणि आई रोज पहाटे त्याचं पाणी शेंदून दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळून झालं की तिचं खरं काम सुरू व्हायचं. फडकं उलटं करायचं, त्यावर गाळलेलंच पाणी हळूहळू ओतायचं आणि फडक्यात अडकलेलं सगळं एका लोट्यात घ्यायचं. ही जीवाणी. ती मोरीत ओतायची नाही, झाडालाही घालायची नाही. लोटा दोरीनं आडात सोडायचा, पाण्याला टेकला की बुडाला बांधलेली दुसरी दोरी ओढायची. लोटा कलता होतो आणि जीवाणी आपटल्याशिवाय पाण्यात मिसळते. एका आडाची जीवाणी दुसऱ्या आडात चालायची नाही. मी एकदा विचारलं, पाणी ते पाणीच ना, कुठेही सोडलं तर काय बिघडलं? आई म्हणाली, "ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात. तुला उचलून परगावी ठेवलं तर चालेल का?"

पुढे तिनंच मला उचलून परगावी, भिवंडीला दिलं! निजामपुऱ्यात आले तर घरात नळ. इथं जीवाणी सोडायची कुठे, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नळाला कुठला आड गं?" तेव्हा तो विषय तिथंच संपला. आज चाळीसएक वर्षांनी तो पुन्हा आठवला, त्याला कारण एक कासव.

२०२५ च्या सुरुवातीची बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी कासव अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा छोटा बिल्ला होता आणि त्यावर नंबर होता. नंबर तपासला तेव्हा कळलं, की तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला आहे. ओडिशा देशाच्या पूर्वेला, गुहागर पश्चिमेला. मधलं अंतर समुद्रमार्गानं साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. एवढा प्रवास करून आलेल्या त्या बाळंतिणीला गुहागरच्या वाळूत कुणी हात लावला नाही. उलट तिची अंडी राखली आणि शंभरावर पिल्लं समुद्रात गेली.

पंचवीस वर्षांपूर्वी असं झालं नसतं. मधल्या काळात काय घडलं, तो इतिहास आज सांगायचा आहे.

बादशहाचा तलाव

आपल्या समाजात जलचरांच्या रक्षणाची गोष्ट निघाली, की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. अकबर बादशहानं आचार्य हीरविजयसूरींना गुजरातेतल्या गंधारहून बोलावणं पाठवलं. सूरीजी पायी चालत निघाले आणि १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. बादशहानं काही मागायला सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. पर्युषणाच्या दिवसांत कत्तल बंद झाली, पिंजऱ्यातले पक्षी सुटले आणि सिक्रीजवळच्या डाबर तलावातली मासेमारी थांबली. पुढच्या वर्षी बादशहानं त्यांना 'जगद्गुरू' ही पदवी दिली.

लहानपणी मला यातला तलावच जास्त आवडायचा. एवढा मोठा बादशहा, ज्याला स्वतःला शिकारीचा आणि मासे धरण्याचा शौक, त्यानं एका साधूच्या शब्दाखातर तलाव सोडून दिला. आता वय झाल्यावर त्याच गोष्टीत मला आणखी एक गोष्ट दिसते. तलावाला काठ असतो. काठावर चार शिपाई उभे केले की हुकूम पाळला जातो. समुद्राला असे शिपाई कुठून आणणार? कोकणची किनारपट्टी सातशे किलोमीटरहून लांब. तिथं फर्मान चालत नाही. तिथं रोज जाणाऱ्या माणसाच्या मनात यावं लागतं.

हुकूम झालेच नाहीत असं नाही. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सागरी कासवं पुढे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. म्हणजे कायद्यानं कासव थेट वाघाच्या पंगतीला बसलं. बाहेरच्या देशातूनही हुकूम आले. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवं अडकून गुदमरतात. कासव माशासारखं पाण्यात श्वास घेत नाही, त्याला हवेसाठी वर यावंच लागतं. जाळ्यात कासवाला बाहेर पडायची झडप बसवा, नाहीतर तुमची कोळंबी घेणार नाही, असं अमेरिकेनं बजावलं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेले. १९९८ मध्ये निकाल लागला. कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण अमेरिकेनं सगळ्या देशांना सारखा न्याय लावला नाही, असा त्याचा मथितार्थ. भांडण तिथं मिटलं नाही. २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे मला यात रस वाटतो. पण इतके कायदे आणि करार झाले, तरी रात्री दोन वाजता वाळूवर आलेल्या कासवाजवळ उभं राहायला त्यातलं कुणीच नव्हतं.

वेळासला काय घडलं

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोट किल्ल्याच्या पलीकडे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात त्याचं नाव होतं. आता ते कासवांचं गाव झालं आहे.

आपल्या किनाऱ्यावर येणारी कासवं बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ दोन-सव्वादोन फुटांची, वजन चाळीस किलोपर्यंत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वाळूवर येतात. भरतीचं पाणी पोचणार नाही अशी जागा बघून मागच्या पायांनी दीडएक फुटाचा खड्डा करतात, आणि तो असा, की तोंड अरुंद आणि आत घेर मोठा. घागरच जणू. त्यात शंभर ते दीडशे अंडी घालतात, वाळू लोटतात, अंगानं थोपटून जागा सारखी करतात आणि निघून जातात. पिल्लांशी त्यांची भेट पुन्हा नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस सूर्याची ऊब हीच आई. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर.

हा सगळा बेत निसर्गानं चोख केलेला, पण तो कुत्र्या-कोल्ह्यांना आणि माणसांना धरून केलेला नव्हता. कासव वाळूवर जाता-येताना ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटतो. तो माग धरून गेलं की अंडी हमखास. काही खाल्ली जायची, काही विकली जायची, उरलेली कुत्री उकरायची. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. समुद्र देतो, आपण घेतो, असा साधा हिशेब.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं त्या भागात समुद्री गरुडाची पाहणी करत फिरत होती. भाऊ काटदरे हे या संस्थेचे प्रमुख. गरुड शोधताना त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात याकडे तोवर फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी गावात विचारपूस केली, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आणि ज्यांना कासवाचा माग सगळ्यात चांगला कळायचा त्यांनाच राखणीचं काम दिलं. म्हणजे पुष्कळदा अंडी काढणाऱ्या हातांनाच! मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्यांना कुणी पापी म्हटलं नाही. तुम्हाला जे येतं ते आम्हाला येत नाही, असं म्हटलं.

पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात सोडली.

राखण कशी करतात ते ऐका. पहाटे किनारा चालायचा. माग दिसला की काठीनं अलगद चाचपायचं, वाळू जिथे पोकळ लागेल तिथे हातानं उकरायचं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ. ती घातल्यापासून काही तासांत हलवावी लागतात आणि हलवताना फिरवायची नाहीत, नाहीतर आतला जीव दगावतो. किनाऱ्यावरच जाळीचं कुंपण घालून जागा राखलेली असते. तिथं मादीनं केला होता तसाच, तितकाच खोल, घागरीच्या आकाराचा खड्डा करून अंडी ठेवायची आणि तारीख लिहायची. पन्नास दिवस झाले की वर टोपली पालथी घालायची. रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लं वर आली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची. थेट पाण्यात सोडायची नाहीत. ती वाळू त्यांनी आपल्या पायानं चालायची असते, मोठेपणी माद्या याच भागात परत येतात त्याचा संबंध या चालण्याशी असावा असं मानतात.

हे वाचताना मला आईचा लोटा दिसला. तोच हलका हात, तीच आपटू न देण्याची काळजी, आणि तोच नियम. ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत शहरातले लोक येऊ लागले, गावातल्या घरांत राहू-जेवू लागले. घरच्या बाईच्या हातात चार पैसे येऊ लागले, आणि कासव जिवंत असण्यातच गावाचा फायदा आहे हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. वेळासचं बघून किनाऱ्यावरच्या इतर गावांत हे काम पोचलं. पुढे वनखातं आणि कांदळवन कक्ष यांनी ते हाती घेतलं. राखण करणाऱ्यांना 'कासवमित्र' हे नाव रुळलं.

आमचं वेळासला जाणं

२०१७ च्या मार्चमध्ये नातवाला घेऊन आम्ही गेलो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला. ज्यांच्याकडे उतरलो त्या वहिनींना मी आधीच फोनवर आमचं सांगून ठेवलं होतं. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण. पिल्लं सोडायची वेळ नेमकी संध्याकाळची, त्यामुळे माझ्या मनात धाकधूक. वहिनींनी पाच वाजताच पानं मांडली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. म्हणाल्या, "काकू, पोटभर जेवा आणि मग निवांत कासवं बघा. पिल्लांनाही रात्रीचं काही मिळत नाही हो!"

त्या दिवशी एका टोपलीखाली एकवीस पिल्लं निघाली. तळहातावर मावतील एवढी, काळपट. दोरी लावलेली होती, तिच्या अलीकडे आम्ही सगळे गप्प. वाळूत सोडल्यावर ती क्षणभर थांबली आणि मग समुद्राकडे वळली. एक उलटं पडलं, धडपडून सरळ झालं, पुन्हा निघालं. नातू हळूच म्हणाला, "आजी, त्यांना रस्ता कुणी सांगितला?" पिल्लं उजेडाकडे जातात आणि रात्री समुद्रावरचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून किनाऱ्यावर दिवे लावले की ती चुकतात, असं कासवमित्रानं त्याला समजावलं. आपले वीसावे तीर्थंकर मुनिसुव्रत भगवान, त्यांचं लांछन कासव. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या त्यांच्या मंदिरात मी कितीदा गेले असेन. जिवंत कासवाचं पिल्लू मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना वाळूवरून चालत होतो. सोबत गावातले एक वयस्कर गृहस्थ होते. मी आपली बोलून गेले, "भाऊ, पूर्वी इथं अंडी खायचे म्हणे! कसं मन व्हायचं लोकांचं?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, मीही खाल्ली आहेत. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं." दोन पावलं गेल्यावर त्यांनी वाकून वाळूतून काहीतरी उचललं. "पण हे काही आमच्या गावचं नाही. हे रोज येतं."

त्यांच्या हातात प्लास्टिकचा कोन होता. सुताचा.

मैत्रिणींनो, भिवंडीच्या बाईला कोन ओळखायला वेळ लागत नाही. आमच्या गल्लीत पोरं कोनांचे मनोरे रचून खेळतात. तो कोन भिवंडीचाच होता असं मी म्हणत नाही. माग काय फक्त इथंच आहेत? सुरतेत आहेत, इचलकरंजीत आहेत. पण इचलकरंजीचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि तिथून पूर्वेच्या समुद्राला जातं. सुरतेचं पाणी तापीतून याच समुद्रात येतं, आणि आमचं कामवारी नदीतून उल्हासच्या खाडीला, खाडीतून वसईजवळ याच समुद्राला. हा हिशेब मी त्या वाळूवर उभ्या उभ्याच केला. केल्यावर त्या भाऊंना पुढचा प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही.

जाळं कापणारे हात

पिल्लं समुद्रात गेली म्हणजे संपलं असं नाही. हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. मोठी झालेली कासवं कुठे फिरतात हे बघायला २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. महाराष्ट्रातली ही पहिलीच, म्हणून नाव ठेवलं प्रथमा. त्या वर्षी आणखी चौघी होत्या, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. प्रथमा गुजरातच्या दिशेनं गेली, सावनी दक्षिणेला. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. म्हणजे वेळासनं राखलेलं कासव पुढे कुणाच्या जाळ्याजवळून जाईल सांगता येत नाही.

इथं मच्छीमाराचा प्रश्न येतो. आपल्याला बोलायला सोपं जातं, "अडकलं तर सोडून द्या." पण जाळ्यात गुरफटलेलं मोठं जनावर सोडवायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं हे त्याचं भांडवल. पुष्कळदा कर्ज काढून घेतलेलं. आपल्या दुकानातला माल कुणी असाच कापायला सांगितला तर आपण कापू का?

ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनानं डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना आणली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा कायद्यानं संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. रक्कम फार मोठी नाही, पण हिशेब सरळ आहे. जीवदयेचा खर्च एकट्या गरिबानं सोसू नये, हे तत्त्व त्यात आहे.

गुजरातेत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं झाली. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण अगदी गरीब, बारीकसारीक जीव गाळून खाणारा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार शिकार व्हायची, त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावायचे. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कोळ्यांच्या मनात ते उतरलं २००४ पासून. मोरारी बापूंनी सांगितलं, ही आपल्या किनाऱ्यावर येते ती माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीसारखी. तिचं नाव ठेवलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. मग जाळी कापली जाऊ लागली. आतापर्यंत शेकड्यांनी व्हेल शार्क सुटले. लेक म्हटल्यावर कोण मारील? आपण बायकांनी ही उपमा ऐकली की डोळ्यांत पाणी येतं. पण लेक माहेरी आली, तर माहेरचं पाणी तरी चांगलं नको?

आपली खाडी

भिवंडी एके काळी बंदर होतं, हे आता नव्या पिढीला खरं वाटत नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधली गेली. आपल्या महापालिकेच्या नावात आजही भिवंडीला जोडून निजामपूर आहे, पण त्या नावाचं समुद्राशी काही नातं होतं हे कुणाच्या लक्षात नाही.

काल्हेर-कशेळीवरून ठाण्याला जाताना पुलावरून खाली बघा. चिखलात उभी ती हिरवी झाडं म्हणजे तिवरं, खारफुटी. मला लग्नानंतर कितीतरी वर्षं ती निरुपयोगी झुडपं वाटायची. ती माशांची, खेकड्यांची, कोळंबीची बाळंतघरं आहेत. लहान जीव तिथं मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मग समुद्रात जातात. तिवरांवर भराव टाकून जागा करायचं काम आपल्या भागात किती झालं ते मी सांगायला नको. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर खारफुटी तोडायला बंदी केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात सांगितलं, की खारफुटीचा नाश म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला. २०१२ मध्ये शासनाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे खारफुटीचं झाड महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरलं. म्हणजे हुकूम इथंही आहेत. वेळाससारखी माणसं इथं कुठे आहेत, हे मी शोधत होते. शोधता शोधता नजर घरातच आली.

आता जे लिहिते ते आजवर लिहिलं नव्हतं. आमचा पूर्वी भागीदारीत डाइंगचा लहान कारखाना होता. वह्या मी बघायची. सूत, रंग, रसायनं, कोळसा, वीज, मजुरी, प्रत्येकाचं खातं. टँकरनं पाणी यायचं त्याचंही खातं, एका टँकरची चूक मी सोडली नाही. पण आलेलं पाणी गेलं कुठे, त्याचं खातं आमच्या वहीत नव्हतं. नाला लाल दिसला की गल्लीत कळायचं आज लाल माल आहे, निळा दिसला की निळा. मी घरी पाणी गाळून भरायची, चातुर्मासात हिरवी भाजी सोडायची, आणि दुपारी त्याच हातानं त्या कारखान्याची खतावणी करायची. मला कधी काही वाटलं नाही. कारखाना पुढे बंद झाला तो भागीदारांच्या मतभेदामुळे. आमच्या दयेमुळे झाला असं म्हणून मी खोटं पुण्य घेणार नाही.

वेळासच्या त्या भाऊंनी अंडी खाल्ली हे त्यांनी दोन वाक्यांत कबूल केलं. मला माझं कबूल करायला इतकी वर्षं लागली.

आणि विषय जुना झालेला नाही. मुलगा आता एका प्रोसेस हाउसमध्ये भागीदारी घ्यायचं म्हणतो आहे. घरात बोलणी चालू आहेत, यंदा व्यवहार करायचा. मी एवढंच विचारलं, "पाणी शुद्ध करून सोडायची सोय आहे का, आणि ती रोज चालते का, की तपासणीच्या दिवशीच?" तो म्हणाला, "मम्मी, सगळ्यांचं जातं तिथंच आपलं जाईल." मी म्हटलं, मग माझी सही मिळणार नाही. फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि त्यावर कर्ज काढायचं आहे, म्हणून माझ्या सहीला किंमत. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "मम्मी, यंत्रणा चालवायचा महिन्याचा खर्च किती येईल ते काढून तरी बघू." ती सी. ए. आहे. आता आम्ही दोघी वही घेऊन बसलो आहोत. आकडा मोठा आहे, नफा खाली येतो. काय ठरेल ते मला आज माहीत नाही.

नळाला कुठला आड, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांना दिसला नाही एवढंच. आपल्या नळाचा, मोरीचा, कारखान्याचा आड शेवटी तो समुद्रच आहे. जीवाणी सोडायला आपल्याला तिथपर्यंत जाता येत नाही, पण आपण सोडलेलं पाणी मात्र रोज तिथं जातं.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी माग आहेत, सायझिंग आहे, डाइंग आहे, रंगाचं दुकान आहे. घरातल्या माणसांना एकदा विचारून बघा, आपलं पाणी कुठे जातं? उत्तर काय आलं ते मला कळवा. दोन दिवस घरात बोलणं बंद झालं, तर तेही कळवा. मी समजून घेईन.

जय जिनेंद्र.